मळमळीचा धनी

माझ्या भावाच्या पोटाने ज्या ज्या गोष्टींवर डूख धरला होता, त्यांच्या यादीत माझा नंबर तिसरा लागला. पहिली हॉस्पिटलची लिफ्ट. दुसरा त्या हात चोळायच्या जेलचा वास. आणि तिसरी मी. फोनवर ‘वृंदा’ असं सरळ नाव लिहिलं होतं, लाल अक्षरात, जणू मी फिनेलची बाटली आहे.

खाली हिरवी यादी होती. ज्यांच्या येण्याने त्याचं पोट शांत होतं, त्यांची. त्यात एकच नाव होतं, मृण्मयी. त्याची बायको.

“यंत्र बिघडलंय,” मी म्हटलं.

“नाही हो अक्का,” मृण्मयी म्हणाली. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते ती, त्यामुळे सगळं समजावून सांगायची खोड. “त्यात तुमचा काही दोष नाही. ते फक्त नोंद करतं.”

“चोवीस वर्षं दूध संघाच्या लॅबमध्ये काढलीत मी. नोंद काय असते ते मला नको शिकवू.”

ती गप्प बसली. तिचं ते समजूतदार गप्प बसणं मला कधीच सहन झालं नाही. भांडली असती तर निदान बरोबरी झाली असती.

आधी जरा सांगते, म्हणजे माझं का पित्त खवळलं ते कळेल. आई गेली तेव्हा शार्दूल सात वर्षांचा होता आणि मी अठराची. वडील पुढे दोन वर्षांत गेले. त्याला मी वाढवलं. एक स्थळ चांगलं आलं होतं, पण ‘भावाला बरोबर आणणार असाल तर विचार करू’ म्हणाले. म्हटलं, करत बसा विचार. शाळेची परीक्षा असो, मुलाखत असो, हा घरातून निघाला की दारात त्याच्या हातावर दही-साखर मी ठेवायची. दही घरचं, विरजण माझं. नऊ वर्षांपूर्वी मृण्मयी आली तेव्हा मी दोन गल्ल्या सोडून वेगळं घर केलं, कुणी सांगायच्या आत. पण दही-साखरेचा हक्क सोडला नाही. परगावी निघायचं झालं की तो आधी माझ्याकडे यायचा.

मग छत्तिसाव्या वर्षी त्याला लिम्फोमा निघाला. सहा केमो, दर एकवीस दिवसांनी. वेळेवर पुऱ्या झाल्या तर बरा होतो, असं डॉ. मुजावर मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या. मी रजा टाकली, पिशवी भरली आणि त्यांच्याकडे राहायला आले. पहिल्या केमोला निघताना त्याच्या हातावर दही-साखर ठेवली. दुसऱ्याला ठेवली. तिसऱ्याला ठेवली. तिन्ही वेळा शेजारी बसले, त्याचा हात धरून. सुईला घाबरतो तो पहिल्यापासून, कुणीतरी आपलं माणूस हात धरायला लागतंच. दुसऱ्या वेळी मी पाच मिनिटं बाहेर गेले, तर याने सुईच उपटून काढली होती.

आणि त्या यादीत मी लाल.

हे ‘तरंग’ नावाचं यंत्र नवं आलेलं. बेंबीच्या वर एक पातळ पट्टी चिकटवतात. आपलं जठर मिनिटाला तीनदा हलतं, संथ, आपल्याला पत्ताही नसतो. मळमळ सुरू व्हायच्या आधी ती चाल बिघडते, लाटा पाच होतात, सात होतात, मधेच तुटतात. माणसाला ढवळायला लागायच्या दहाएक मिनिटं आधी पट्टीला ते कळतं, आणि दंडावर लावलेली काड्यापेटीएवढी डबी मळमळ थांबवायचं औषध कातडीखाली सोडते. पूर्वी गोळ्या घ्यायच्या त्या एकतर उशिरा घेतल्या जायच्या, नाहीतर उलटीबरोबर बाहेर पडायच्या. हे म्हणजे आग लागायच्या आधीच पाणी. शिवाय घरातल्यांच्या फोनवरून पट्टीला समजतं की जवळ कोण आहे, कुठे आहोत, किती वाजलेत; वासाचं मात्र आपण टाइप करायचं. त्यावरून ती शिकते, की याचं पोट कशाने बिघडतं.

फक्त त्या डबीला मर्यादा होती. दिवसाला ठराविक मात्रेच्या वर ती औषध देत नाही, कारण जास्त झालं की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. तिसऱ्या केमोनंतर शार्दूलची मात्रा दुपारी दोनलाच संपायला लागली. मी वरणभात घेऊन खोलीत शिरले की डबी टिकटिक करायची. मी ताट ठेवून बाहेर आले की थांबायची. मृण्मयी गेली तर दोन घास तरी जायचे. नऊ किलो उतरला होता पोरगा. “वजन असंच घटलं तर चौथी केमो पुढे ढकलावी लागेल,” मॅडम म्हणाल्या, “आणि पुढे ढकललेली केमो आजाराच्या पथ्यावर पडते.”

त्यांनी घरातल्यांना भेटायला बोलावलं. मृण्मयीच्या बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा होत्या. मी एकटी गेले.

“वृंदाताई, मनावर घेऊ नका,” मुजावर मॅडम म्हणाल्या. “लहानपणी तुम्ही कधी काही खाऊन आजारी पडला होता का, की पुन्हा तो पदार्थ नको वाटला?”

“अंड्याची पोळी,” मी म्हटलं. “आठवीत असताना. अजून वास सहन होत नाही.”

“आणि प्रत्यक्षात ताप आला असेल, अंड्याचा काही संबंध नसेल. पण मेंदूला एवढं कळतं की पोट बिघडलं, त्याआधी काय आलं होतं ते शोधा आणि त्याला दोषी धरा. एकदाच पुरतं त्याला. फार जुनी सवय आहे ही, जनावरांतही आहे, विषापासून वाचायची. आता शार्दूलचा मेंदू काय बघतोय? केमोच्या आधी दरवेळी काय येतं?”

उत्तर त्यांनीच दिलं.

“दही-साखर. तुमचा हात. तुम्ही शेजारी. केमोचा सगळा दोष त्याने तुमच्यावर चिकटवलाय. तो मुद्दाम नाही करत, त्याला माहीतही नाही.”

बघा म्हणजे. जिने हात धरला तीच विष ठरली. आणि जी घरी थांबून फक्त उशा नीट करत होती, ती औषध.

मॅडमनी मग उपाय सांगितला. मेंदूला दोषी हवाच असतो, तर त्याला एक फालतू दोषी द्यायचा. त्यांनी एक बाटली दिली, बडीशेप, निलगिरी आणि कसल्याशा कडवट रसाच्या गोळ्यांची, जगात दुसरीकडे कुठे मिळणार नाही अशा चवीच्या. केमोच्या आधी एक चघळायला द्यायची, म्हणजे मळमळ त्या चवीच्या खाती जाते. “पण नीट ऐका,” त्या म्हणाल्या. “गोळी देणारा आणि हात धरणारा माणूसही दोषी ठरू शकतो, तुमचं झालं तसं. म्हणून तुम्ही येऊ नका, आणि बायकोनेही येऊ नये. जो रोज त्याला जेवायला वाढत नाही, ज्याच्याबरोबर तो राहत नाही असा कुणी आणा. ऑफिसातला मित्र चालेल. काही महिने त्या मित्राचं तोंड नको वाटलं तर बिघडत नाही.”

रिक्षात बसून परत येताना मी ती बाटली मांडीवर घेऊन बसले होते. वाईट विचार आला की तो वाईट आहे हे मला लगेच कळतं. मी काही भाबडी नाही. कळूनही मी तो जाऊ दिला नाही, उलट कराडच्या पुलापर्यंत त्याला नीट चारी बाजूंनी पाहून घेतलं.

मृण्मयी परीक्षा आटोपून आली. चहा देऊन मी म्हटलं, “मॅडम म्हणाल्या, आता मी जायचं नाही. तू जायचंस. ही गोळी तुझ्या हाताने त्याला द्यायची आणि शेवटपर्यंत हात सोडायचा नाही.”

“मी?” तिचा चेहरा इतका उजळला, की मी कपबशीकडे बघायला लागले. “अक्का, मला वाटायचं तुम्ही मला कधीच जाऊ देणार नाही.”

“घे आता,” मी म्हटलं.

चौथ्या केमोला दोघं गेली. मी घरी बसून फोनवर त्याच्या पोटाच्या लाटा बघत होते. गोळी दिली तेव्हा मिनिटाला तीन. सुई टोचली तेव्हा चार. दोन तासांनी सात, तुटक तुटक, आणि डबी औषध सोडत होती. जवळ कोण, तर मृण्मयी. सात, आणि मृण्मयी. सव्वासात, आणि मृण्मयी. लॅबमध्ये दुधाचा नमुना नासताना आम्ही दर दहा मिनिटांनी आकडा लिहायचो, तसं मी बघत राहिले.

आठवड्यातच हिरवी यादी रिकामी झाली. पाचव्या केमोनंतर चौथ्या दिवशी तिचं नाव लाल यादीत आलं, लिफ्टच्याही वर. माझं नाव आधी लाल यादीत तळाला गेलं, मग गायब झालं, आणि एका सकाळी हिरव्यात उगवलं.

आनंद झाला मला. उगाच सोवळेपणा कशाला करू? खोलीत मुगाची खिचडी घेऊन गेले आणि त्याने अर्धी वाटी संपवली, माझ्या हाताने. “अक्का, अजून थोडी दे,” म्हणाला. ते चार शब्द ऐकायला माझे कान तीन महिने तरसले होते. वजन दीड किलो वाढलं. मॅडम खूश झाल्या. मी साडी बदलून बसायला लागले.

आणि मृण्मयी दाराबाहेर. ती आत डोकावली की डबी वाजायची, म्हणून ती डोकावायची थांबली. अंथरूण हॉलमध्ये घातलं. कपडे माझ्या साबणाने धुवायला लागली, तेल बदललं, काही उपयोग झाला नाही. एकदा तो आतून म्हणाला, “मृण्मयी, जरा लांब उभी राहतेस का? सॉरी.” तेव्हा ती हसली आणि “हो रे, चालेल” म्हणाली. मी तेव्हा वाटीतला चमचा फिरवत होते. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलेलं फार वेळ टिकलं नाही, पण वाटलं होतं.

सहाव्या केमोच्या आदल्या दुपारी ती ओट्याशी उभ्याने जेवत होती. नुसती पोळी आणि लोणचं.

“बसून जेव की,” मी म्हटलं.

“अक्का, उद्याची गोळी कुठे ठेवलीय?”

“फ्रीजवर.” आणि मग का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, “उद्या त्याच्या ऑफिसातला कुणी मित्र पाठवला तर?”

तिने पोळीचा तुकडा खाली ठेवला. “चौथ्या केमोनंतर माझं नाव हिरव्यातून गेलं ना, तेव्हा मी मॅडमना फोन केला होता. त्यांनी तुम्हाला काय सांगितलं होतं ते कळलं मला.”

ओट्यावर नळ ठिबकत होता. मी तो घट्ट पिळला.

“तरी पाचव्या वेळी गेलीस?”

“तोवर दोष माझ्यावर बसायला लागला होता. मॅडम म्हणाल्या, आता तिसरं माणूस घुसवलं तर काय होईल सांगता येत नाही, जिथे बसलाय तिथेच राहू दे. तो तुमच्या हातचं थोडं थोडं खायला लागला होता, अक्का. नऊ किलो उतरलेला. मी काय बघत बसू, कुणाच्या हातचं?”

“मला बोलली का नाहीस मग? शिव्या द्यायच्यास.”

“बोलले असते तर तुमचा हात थरथरला असता भरवताना,” ती म्हणाली. “आणि पट्टीला ते कळलं असतं.” तिचे डोळे भरले होते आणि आवाज वर्गात शिकवतात तसा सरळ होता. “राग आहे मला. खूप आहे. केमो संपली की काढेन.”

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. अपराधी वाटायला हवं होतं, तेही वाटलं, पण आधी काय वाटलं ते सांगते: यातही ही पुढे गेली. मी त्याला वाढवलं, त्याच्यासाठी लग्न सोडलं, आणि एवढं करून त्याच्या पोटातली माझी जागा मी कपटाने घेतली. हिने ती जागा त्याला घास जावा म्हणून सोडून दिली, गुपचूप, ओट्याशी उभी राहून पोळी खात. इतका मत्सर मला तिचा लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता.

सहावी केमो झाली. तीच गेली. महिन्याभराने स्कॅन स्वच्छ आला. मुजावर मॅडमनी पेढा स्वतः खाल्ला आणि दुसरा शार्दूलला दिला. “आता विष संपलं,” त्या म्हणाल्या, “पण चिकटलेला दोष आपोआप निघत नाही. तो सोलून काढावा लागतो, हळूहळू. तो शांत असताना, ज्या माणसाच्या हाताने जेवतो त्या माणसाच्या सोबतीत, मृण्मयीला थोडं थोडं जवळ आणायचं. लाट तीनच्या वर गेली की त्या दिवशी थांबायचं. घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून. हे काम वृंदाताईच करू शकतात.”

म्हणजे ज्या हाताने तिला लांब केलं, त्याच हाताने जवळ आणायची. बाकी कुणाच्या हातून ते होणार नव्हतं.

दारापासून पलंगापर्यंत अकरा फरश्या होत्या. रोज एक ठरली. मी त्याला भरवायची, डाव्या हातात फोन धरायची, आणि आकडा शांत असला की म्हणायची, “ये.” मृण्मयी एक फरशी पुढे यायची आणि उभी राहायची. पहिल्या आठ दिवसांत सहा फरश्या झाल्या. दोनदा लाट चार झाली, मी तिला थांबवलं, ती थांबली. तेवढं मी चोख केलं.

सातव्या फरशीवर ती आली तेव्हा शार्दूलने तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, पण मी वाटी धरून बसले होते आणि माझ्याकडे त्याने तसं कधी बघितलं नव्हतं. बहिणीकडे कुणी तसं बघत नाही, मला कळतं ते. फोनवर आकडा होता तीन.

“साडेचार,” मी म्हटलं. “मागे हो.”

मृण्मयी मागे झाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सातवी फरशी. पुन्हा तीन. मी म्हटलं, “पाच होतायत. दारापर्यंत जा.” ती दारापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी ती स्वतःहूनच दारात उभी राहिली, पहिल्या फरशीवर, आणि तिथून पुढे यायचं नावच घेईना. तिचा चेहरा उतरला होता. केमोच्या त्या साडेतीन महिन्यांत तो एवढा उतरला नव्हता. तेव्हा तिला खात्री होती की हे संपणार आहे.

मी चमचा भरला. शार्दूलने तोंड उघडलं नाही.

“अक्का,” तो हळूच म्हणाला, तिला ऐकू जाणार नाही असं, “मला काही होत नाहीये.”

“पट्टी सांगते ना.”

“पोट माझं आहे. आज काही होत नाहीये. काल पण झालं नव्हतं. परवा पण नाही.”

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. त्यातली पेज वाटीत ओघळली.

“मग काल बोलला का नाहीस?”

“वाटलं, तूच बोलावशील तिला,” तो म्हणाला.

सातव्या वर्षापासून या मुलाने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, तेव्हाही चढवला नाही. त्याला किती माहीत होतं, सगळं की एवढंच, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं.

“मृण्मयी,” मी म्हटलं. “ये.”

“किती आहे?” तिने दारातूनच विचारलं.

“ये म्हटलं ना. काल आणि परवा मी खोटं सांगितलं. तीनच होते.”

मला वाटलं, आता काढेल राग, आणि खरं तर काढला असता तर बरं झालं असतं. मग ती चालायला लागली. दुसरी फरशी, तिसरी. मी फोनकडे बघत होते. आठव्या फरशीवर माझ्या मनात आलं, आता चढू दे लाट, खरीच चढू दे. आलं तसं सांगते. चढली नाही. दहावी, अकरावी. ती पलंगाशी आली तेव्हा तिथे एकच खुर्ची होती आणि तीत मी होते.

मी उठले. वाटी तिच्या हातात दिली. वाटीखाली माझा हात धरला, तिला नीट पकड येईपर्यंत. मग काढून घेतला. तिने चमचा भरला आणि शार्दूलने तोंड उघडलं.

मला तिथून निघून जायचं होतं. पण कुणीतरी फोन धरायला हवा होता, आणि ती दोघं काही त्या फोनकडे बघणार नव्हती. म्हणून पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून मी आकडे वाचत राहिले, मोठ्याने, तिला स्पष्ट ऐकू जातील असे.

“तीन,” मी म्हटलं. “तीन. अजून तीनच आहेत. भरव.”